व्याह्यांशी भांडायचं राहिलं

१२ ऑक्टोबर

नवी वही. जुनी उन्हाळ्याच्या शेवटी संपली आणि मधले दिवस पाठकोऱ्या कागदांवर गेले ते गेलेच. आज शिमोनोसेकीच्या सामुद्रधुनीवर असं लख्ख ऊन होतं की पलीकडच्या काठावरच्या गच्च्यांत वाळत घातलेल्या चादरीही दिसत होत्या.

दुपारी बुसानहून चिगुसाचा फोन आला. लग्न होऊन लेक कोरियात गेली त्याला तीन वर्षं होतील. आता आठवा महिना लागेल. तब्येत ठीक आहे, पाय थोडे सुजतात. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, बाळंतपणाला तिकडे येऊ का? की इथंच राहू? सासूबाई म्हणतात, कसंही चालेल."

मी म्हणालो, "तुला सोयीचं पडेल तसं कर."

फोन ठेवल्यावर मलाच माझं वाक्य आवडलं. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते, हे काय तोंडाने सांगायचं असतं? चाळीस वर्षं शाळेत मी हेच शिकवलं, की चंद्र उगवला असं म्हणू नये, पाणी उजळलं म्हणावं. चिगुसा माझीच मुलगी आहे. तिला पाणी दिसलं असेल.

मागची खोली झाडून घेतली. नवी गादी आणली आहे. सहजच. थंडी येते आहे म्हणून.

रिकामी खोली
गादीवर निजले
कोवळे ऊन

१९ ऑक्टोबर

चिगुसा बुसानलाच राहणार. तिने ठरवलं. "तुम्हालाही दगदग नको," म्हणाली. मी म्हटलं, "उत्तम झालं." तिथे दवाखाना जवळ आहे, सासूबाई आहेत, जावई इन्सू रोज सहाला घरी येतो. सगळ्या बाजूंनी विचार केला तर हेच योग्य.

संध्याकाळी अंगणातल्या तेंडूच्या झाडाची छाटणी काढली. छाटता छाटता झाड अर्ध्यावर आलं. शेजारच्या इरिएबाई, आमच्या आळीच्या मंडळाच्या चिटणीस, कुंपणापाशी येऊन बराच वेळ उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, बरं वाटत नाही का?"

म्हटलं, "मला काय झालंय?"

"नाही, फळंही छाटलीत म्हणून विचारलं."

२६ ऑक्टोबर

व्याह्यांचा फोन. प्यो दोकमान, इन्सूचे वडील. तीस वर्षं त्यांनी बुसानच्या बंदरात आमच्याकडच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली, त्यामुळे जपानी भाषेतल्या शिव्या आणि सुट्या भागांची नावं त्यांना उत्तम येतात. मधला भाग थोडा कच्चा आहे.

"व्याही, राग आला ना?" त्यांनी विचारलं.

"छे, छे."

"थोडासा?"

"अजिबात नाही."

"लेक बाळंतपणाला माहेरी येत नाही. आणि तुम्हाला वाईट वाटलं नाही?"

"आपण तिची इतकी काळजी घेता. मी आपला फार ऋणी आहे."

पलीकडे कुणाला तरी, बहुधा विहीणबाईंना, ते कोरियनमध्ये काहीतरी म्हणाले आणि तिकडून बाईंचा मोठा उसासा मला ऐकू आला.

"मी येतो," व्याही म्हणाले.

"कशाला?"

"भांडायला."

मी म्हटलं, अवश्य या. पाहुण्याला दुसरं काय म्हणणार?

३० ऑक्टोबर

सकाळच्या बोटीने व्याही आले. एका हातात वाळक्या मासळीचं खोकं, दुसऱ्या हातात घरच्या मिरचीपुडीची पिशवी. धक्क्यावरच त्यांनी मला मिठी मारली. माझे हात वाकून नमस्कार करण्यासाठी निम्म्यात आले होते, ते तसेच त्यांच्या पोटावर अडकले.

न्याहारीला त्यांनी सविस्तर खुलासा केला. त्यांच्या मते माया दोन प्रकारची असते, एक गोड आणि एक खाष्ट. गोड माया जेवणाखाण्यातून, भेटीगाठींतून होते. खाष्ट माया होते ती भांडणातून, रुसव्यातून. दोन्ही झाल्या की नातं पक्कं. नुसती गोड असेल तर तो शेजारधर्म.

"परक्यावर कुणी रुसतं का?" ते म्हणाले. "बसमध्ये एखाद्याने पायावर पाय दिला तर राग येतो, पण आपण रुसत नाही. रुसतो ते आपल्या माणसावर. तुम्ही रुसला नाहीत, म्हणजे आम्ही कोण? बसमधली माणसं?"

मी म्हटलं, "आपल्याला त्रास होऊ नये म्हणून..."

"तेच ते. बायको म्हणते, ज्या माणसाला आपल्याला त्रासही द्यावासा वाटत नाही, तो आपल्याला माणसात धरत नाही. तिची झोप उडाली आहे, व्याही. तिच्या छातीत गोळा आलाय, मुठीएवढा. म्हणाली, भांडण झाल्याशिवाय घरी परत यायचं नाही."

"पण विहीणबाईंना एवढं कशाला?"

"सूनबाईमुळे. ती रोज संध्याकाळी गॅलरीत जाऊन समुद्राकडे बघत बसते. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणते, हवा छान आहे."

ऐकून बरं वाटलं. या दिवसांत तिकडे हवा खरोखरच छान असते.

बोलता बोलता त्यांनी एक म्हण ऐकवली. व्याह्याचं घर आणि संडास, जितके लांब तितके बरे. "पण मध्ये समुद्र घाला असं म्हणीत कुठंच म्हटलेलं नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत थाप मारली. अजून दुखते आहे.

२ नोव्हेंबर

चार दिवस झाले. व्याही भांडण काढण्याचे नाना प्रयत्न करत आहेत. माझ्या आवडत्या खुर्चीत बसतात. मी वाचायला पुस्तक उघडलं की शेवटी काय होतं ते विचारतात. काल त्यांनी माझ्या कवितांची वही उघडून एक कविता मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "हे काय? सुरू व्हायच्या आत संपली."

मी म्हटलं, "आपला अभिप्राय मोलाचा आहे."

त्यांनी कपाळाला हात लावला.

पाहुण्याची अशी निराशा करणं मला प्रशस्त वाटत नाही. ते एवढा समुद्र ओलांडून आले आहेत. त्यांची इच्छाच असेल तर आपण भांडलं पाहिजे, असं मी ठरवलं आहे. दिवस ठरला, नऊ तारीख, रविवार. घरात नको, भिंती पातळ आहेत आणि शेजाऱ्यांना त्रास होईल. मंडळाचं सभागृह मागू.

५ नोव्हेंबर

सभागृहाच्या अर्जात "वापराचे कारण" असा रकाना आहे. व्यायाम, पुष्परचना, काव्यवाचन, शोकसभा, इतर. इरिएबाई म्हणाल्या, "सर, 'इतर' लिहिलंत तर कार्यकारिणीसमोर जाईल. तीन आठवडे लागतील."

"मग?"

"काव्यवाचन लिहा. तुमचं नाव बघून कुणी विचारणार नाही."

त्यांनीच रंगीत तालमीची कल्पना काढली. त्या व्याही झाल्या, मी मी झालो. मी म्हणायचं होतं, "माझी मुलगी माहेरी यायला हवी होती." एवढं एकच वाक्य. पण इरिएबाईंकडे बघून ते तोंडातून निघेना, कारण बिचारीची यात काहीच चूक नव्हती. मी आधी माफी मागितली. मग त्यांनी, मला माफी मागावी लागली म्हणून, माफी मागितली. अर्ध्या तासात आम्ही पुरते थकलो. शेवटी इरिएबाई म्हणाल्या, "सर, राग पाहिजे रागाच्या जागी. तुम्हाला शेवटचा राग कधी आला होता?"

खूप विचार केला. एकोणिसशे एकोणऐंशी साली शाळेच्या हेडमास्तरांनी कवितेचा तास कापून तिथे कवायत घातली होती, तेव्हा मला राग आला असावा. त्या दिवशी मी खडू नेहमीपेक्षा जोरात ठेवला होता.

ते दिवस काय होते. खिडक्या उघड्या, बाहेर खाडी, आणि चाळीस मुलं एका सुरात कविता म्हणताहेत. अर्थ कुणालाच कळत नसे, पण आवाज असा यायचा की बंदरातल्या बोटी थांबून ऐकत असतील असं वाटायचं.

९ नोव्हेंबर

भांडण पार पडलं. जसं पडायला हवं होतं तसं पडलं नाही.

सभागृहात तेवीस माणसं आली. काव्यवाचन समजून सतरा, आणि खरं काय ते कळून सहा. कुणी वड्या आणल्या होत्या, कुणी संत्री. पुढच्या रांगेत इरिएबाई वेळ मोजायला बसल्या होत्या. प्रत्येकाला दहा मिनिटं, मग पाच मिनिटं प्रत्युत्तर.

मी पाच मुद्दे लिहून नेले होते. ऋतूच्या उल्लेखाशिवाय एकदम भांडायला लागणं मला उघडंवाघडं वाटत होतं, म्हणून सुरुवात अशी केली, "शरद ओसरू लागला आहे. डोंगर तांबूस झाले आहेत. अशा वेळी आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा बाळगून, एक गोष्ट मनात आली, ती अशी..."

"बोला, बोला," व्याही बाह्या सरसावून उभे राहिले. "मी काय केलं?"

"आपण काहीच केलं नाही."

"मग मला शिव्या द्या."

"त्याला काही आधार हवा."

"आधार मी देतो." आणि ते सभागृहाकडे वळून मोठ्याने म्हणाले, "हा माणूस थंड आहे. माझी सून याची एकुलती एक लेक, आणि याला तिचं काही पडलेलं नाही. दगड आहे दगड."

तेवीस माणसांनी माना खाली घातल्या. मग मागून वाण्याचे म्हातारबुवा उठले आणि व्याह्यांपुढे कमरेत वाकून म्हणाले, "आमच्या सरांमुळे आपल्याला मनस्ताप झाला, आळीच्या वतीने क्षमा असावी." लगेच सगळे उठले. तेवीस माणसं वाकून उभी. मीही वाकलो, कारण सगळे वाकलेले असताना एकट्याने ताठ उभं राहणं बरं दिसत नाही.

व्याही मधोमध उभे, मूठ वर, आणि समोर नुसत्या पाठी.

पाच मुद्द्यांपैकी एकही मी वाचला नाही. वेळ संपली. टाळ्या झाल्या. वड्या वाटल्या. घरी येताना व्याह्यांचे डोळे पाणावले होते. "हे भांडण नव्हतं हो," ते म्हणाले. "हा बक्षीस समारंभ झाला."

१० नोव्हेंबर

व्याह्यांनी अंथरूण धरलं. डोक्याला पांढरा पंचा घट्ट बांधून पडून आहेत. त्यांच्याकडे मनस्ताप झाला की असं करतात म्हणे. आतला जाळ वर चढू नये म्हणून पंचा.

आल्या दिवसापासून ते मागच्या खोलीत झोपतात, नव्या गादीवर. मी त्यांना पुढच्या खोलीत अंथरूण घालून दिलं होतं, पण तिथे ऊन येतं म्हणाले. आणि मागची खोली रिकामीच तर आहे.

रिकामीच आहे, मान्य आहे. गादी कुणीतरी वापरायचीच.

सकाळचं सूप दोनदा खारट झालं. म्हणजे एकदा केलं, ओतून दिलं, पुन्हा केलं, तेही खारट.

१४ नोव्हेंबर

आज व्याह्यांनी पडल्यापडल्या विचारलं, "सूनबाईच्या आई गेल्या तेव्हा किती दिवस रडलात?"

"घरात पाहुणे होते," मी म्हणालो.

"मग पाहुणे गेल्यावर?"

"मग आभाराची पत्रं लिहायची होती. एकशे बारा."

"आणि सूनबाई?"

चिगुसा तेव्हा सव्वीस वर्षांची होती. पत्रांवर तिकिटं तिनेच चिकटवली. फार व्यवस्थित मुलगी. एकही तिकीट वाकडं नव्हतं. हे मी त्यांना अभिमानाने सांगितलं. व्याह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवलेही थोडंच. म्हणजे दोन वाट्या भात.

पूर्वी परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असायचा, "या कवितेत कवीच्या मनात काय आहे?" एका वर्षी एका मुलीने उत्तर लिहिलं, "त्याने सांगितलेलं नाही, तर मी कशी ओळखू?" मी शून्य दिलं. वर लाल शाईत लिहिलं, "पुन्हा वाच." ती मुलगी आता कुठे असेल कोण जाणे.

१८ नोव्हेंबर

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ही वही कुणी वाचत नाही. जूनमध्ये, चिगुसाने बातमी दिली त्याच आठवड्यात, बाजारातून बाळाला न्हाऊ घालायचा टब आणला होता. फिकट पिवळा. दुकानातल्या मुलीने विचारलं, "आजोबा, मुलगी येणार का घरी?" मी म्हटलं, "हो, डिसेंबरात."

तो जिन्याखालच्या कपाटात आहे, कापडात गुंडाळून. दुकानात परत द्यायला हवा होता, पण मुदत उलटून गेली. माझ्या आळसामुळे झालं. बाकी काही नाही.

कधी कधी मी ते कपाट उघडतो. दमट हवा लागू नये म्हणून.

२२ नोव्हेंबर

आज अक्षर वाईट येईल.

बुसानला आज वर्षाची किम्ची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस होता. सगळं घर एकत्र जमतं, शंभरेक कोबी, आणि व्याही इथे. सकाळी ते पंचा सोडून उठले, बाजारातून बारा कोबी आणले आणि म्हणाले, "आजच्या दिवशी मी हातावर हात ठेवून बसलो तर मेल्यावर आई विचारेल." मी म्हटलं, घर आपलंच आहे. आणि पत्र टाकायला बाहेर गेलो.

परत आलो तर व्याही स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून बसलेले. फोन सॉसच्या बाटलीला टेकवून ठेवलेला, त्यात त्यांच्या घरच्या बायका दिसत होत्या. मीठ किती, असं विचारणं चाललं होतं. आणि त्यांच्या पुढ्यात तो टब. पिवळा. त्यात बारा कोबी, अर्धे चिरलेले, आणि मिठाचं पाणी.

"तो टब खाली ठेवा," मी म्हणालो.

"खालीच आहे," व्याही म्हणाले.

"त्यातले कोबी काढा."

"अहो, आत्ता तर मुरायला घातलेत. कपाटात बेवारशी पडला होता. मापाचा आहे अगदी."

पुढचं मला नीट आठवत नाही. ऋतूचा उल्लेख झाला नाही एवढं नक्की. मी म्हणालो की कुणाच्या कपाटात हात घालायची ही कुठली पद्धत. मी म्हणालो की तीन आठवडे तुम्ही माझ्या मुलीच्या गादीवर घोरत पडला आहात, ती गादी मी स्वतः पाठीवरून आणली, दुकानदार घरपोच द्यायला तयार होता तरी, कारण मला ती तपासून घ्यायची होती. मी म्हणालो, हा टब माझ्या नातवाचा आहे, कोबीचा नाही. ती इथे यायला हवी होती. तिची आई इथेच गेली, याच घरात, आणि मला वाटलं होतं की एकदा तरी या घरात कुणीतरी येईल, जाईल नाही. सगळे इथून जातातच. तुम्ही माझी मुलगी घेतलीत, आणि वर मला विचारता, राग आला का.

मग मी एक कोबी उचलला आणि भिंतीवर मारला. कोबी फार जड असतो, हे मला माहीत नव्हतं.

व्याही हात पुसत शांतपणे उठले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला आणखीनच राग आला. ते माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "आणखी आहेत अकरा. मारा."

डोळे भयंकर झोंबत होते. मिरचीपुडीमुळे असणार. पुडी व्याह्यांनी त्यानंतर फोडली, हे खरं आहे, पण तिचा वास पिशवीतूनही येतो.

मग फोनमधून आवाज आला. "बाबा."

चिगुसा होती. विहीणबाईंच्या मागे, डोक्याला रुमाल, हातात लाल हातमोजे. तिने सगळं ऐकलं होतं.

"टब कधी आणलात?" तिने विचारलं.

"जूनमध्ये."

"मग ये का नाही म्हणालात?"

"मला वाटलं, तुला कळेल."

"मला वाटलं, तुम्हाला नको असेल. आई गेली तेव्हाही तुम्ही असंच म्हणालात, तुला सोयीचं पडेल तेव्हा टोकियोला परत जा. मी दुसऱ्या दिवशी गेले, बाबा. मला जायचं नव्हतं."

मग ती रडू लागली. विहीणबाई रडू लागल्या. मागे कुणीतरी आत्याबाई होत्या, त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण त्याही रडू लागल्या. व्याही तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडत होते. स्वयंपाकघरात आणि फोनमध्ये मिळून चार माणसं रडत होती आणि मी त्या सगळ्यांना सांगत होतो की मीठ जास्त मुरेल, कोबी काढा.

दारावर इरिएबाई. "सर, आळीच्या सार्वजनिक न्हाणीघरापर्यंत आवाज आला," त्या म्हणाल्या. "छान झालं."

२३ नोव्हेंबर

मी स्वतः फोन केला आणि म्हणालो, "ये." एकच शब्द. त्याआधी अर्धा तास फोनसमोर बसून होतो.

चिगुसा म्हणाली, "येते." आणि दवाखान्यात विचारायला गेली.

डॉक्टरांनी नाही म्हटलं. नववा चालू आहे, बोट नाही, विमान नाही. पंधरा दिवसांपूर्वी विचारलं असतं तर जमलं असतं.

पंधरा दिवसांपूर्वी मी सभागृहाचा अर्ज भरून डोंगर तांबूस झाल्याचं लिहीत होतो.

व्याही म्हणाले, "आता खरं रुसा. यात कुणाचीच चूक नाही, म्हणून सगळ्यांवर रुसता येईल." आणि स्वतःच माझी बॅग भरायला बसले. त्यांनी माझे लोकरीचे मोजे भरले, बनियन विसरले.

१२ डिसेंबर, बुसान

मुलगी झाली. पहाटेच्या उजेडात, तीन किलो शंभर. चिगुसा सुखरूप आहे.

दवाखान्याच्या खोलीत सगळी मंडळी जमली होती. इन्सू भिंतीला टेकून हुंदके देत होता, व्याही खुर्चीवर, विहीणबाई पलंगाशी. समुद्री शेवाळाच्या सुपाचा डबा उघडला होता, बाळंतिणीला इथे तेच देतात. मी खिडकीशी उभा होतो. बाहेर बंदर होतं आणि त्यापलीकडे, दिसत नव्हतं तरी, आमचं गाव.

चिगुसाने विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या तोंडात पहिल्यांदा आलं ते "उत्तम". मग आलं, समुद्रावर धुकं आहे. मी चाळीस वर्षं मुलांना हेच शिकवलं आणि त्यासाठी गुण दिले. पण ती पलंगावर उशीला टेकून वाट बघत होती, आणि हातातलं सूप निवत होतं.

"वाईट वाटतंय," मी म्हणालो. "फार आनंद झालाय, आणि वाईट वाटतंय. ही माझ्या घरी जन्मायला हवी होती. मी रुसलोय. तुझ्यावर, इन्सूवर, सगळ्यांवर. डॉक्टरांवरसुद्धा."

विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला आणि खोल श्वास घेतला. आणि व्याही व्हरांड्यात धावले. त्यांनी आपल्या तिन्ही भावांना, एका बहिणीला आणि बंदरातल्या कुणा जुन्या मुकादमाला एकामागून एक फोन केले. मला थोडंफार कोरियन आता कळतं. नात झाल्याचं ते शेवटी सांगत होते. आधी सांगत होते, "व्याही रुसले."

१५ डिसेंबर

बाळ घरी आलं. माझ्या रुसव्याचा आज चौथा दिवस.

मला वाटलं होतं की एकदा सांगितलं की झालं. तसं नसतं. रुसलेल्या माणसाची समजूत काढावी लागते, आणि समजूत काढायला नात्यातला प्रत्येक जण येतो. परवा इन्सूचे थोरले काका आले, माझ्यासमोर बसून म्हणाले, "चूक आमचीच," आणि गोमांसाचा रस्सा ठेवून गेले. काल धाकटे काका. त्यांनी तर गाणं म्हटलं. कविता म्हणून ते फारच लांबलं, पण शेवटी त्यांचा आवाज चिरकला तिथे मला बरं वाटलं.

आज सकाळी मी व्याह्यांना हळूच म्हटलं, "आता पुरे करावं का? मला तसं बरं वाटायला लागलंय."

ते दचकले. "वेडेपणा करू नका. मिर्यांग गावची आत्या उद्याच्या गाडीने येते आहे. ती यायच्या आत मिटलं तर ती कुणावर रुसेल याचा नेम नाही."

दुपारी सगळे झोपले होते. चिगुसा बाळाला घेऊन माझ्या खोलीत आली आणि भिंतीला टेकून शेजारी बसली. बाळ तिने माझ्या मांडीवर दिलं. "रुसलेल्या माणसाला चालतं ना?" म्हणाली.

"चालतं. व्याह्यांना विचारलंय."

ती हसली. बाळाचं डोकं माझ्या तळहातात मावत होतं. ओलसर, कोमट.

"बाबा, अजून वाईट वाटतंय?"

"हो."

"खूप?"

"खूप."

तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. लहानपणी बोटीवर असंच टेकायची. "उद्याही असू दे," ती म्हणाली. "आत्या गेल्यावरसुद्धा रुसून राहा थोडे दिवस."

मी म्हटलं, "राहीन."